हाकेला ओ

चंद्रावरच्या खाणवस्तीत हवासुद्धा खोलीच्या पत्त्यावर यायची. पत्ते वाटायला नवा सर्व्हर बसला, त्यात जुन्या नोंदी नव्हत्या आणि अख्ख्या वस्तीचाच पत्ता कट झाला.

"द्वारकामावशी, खोली सोडा," स्पीकरवरून खाणीचे साहेब म्हणाले. "तुमचे पत्ते नव्या हॉटेलला द्यायचेत."

"आधी सर्व्हरला हाक तर मारू द्या!"

नियम जुनाच होता. पत्ता दुसऱ्याला देण्याआधी सर्व्हर तिथे हाक मारणार, आणि उत्तर आलं तर पत्ता तिथल्या माणसाचाच राहणार.

"कोणी आहे का?" सर्व्हरने विचारलं.

"ओ!" द्वारका खच्चून ओरडली. भिंतीपलीकडून शेवंताने ओ दिली, मग गल्लीच्या गल्ली ओ देत सुटली.

साहेबांनी पुन्हा हाक मारायला लावली. पुन्हा तेच.

"हवा जरा वाढवा, साहेब," द्वारका धापा टाकत म्हणाली. "उद्याही ओरडायचंय."