चतुराबाई गप बसली तो दिवस

लक्ष्मीबाईनं पायानंच चतुराबाईची घागर मागं सारली अन् नळाखाली आपली लावली. रांगेतल्या बायांनी पटापटा कानावर पदर घेतले.

"भर बाई," चतुराबाई म्हणली. "तुलाच घाई दिसती."

एकीच्या हातातली कळशी सुटून तिच्याच पायावर पडली. पण ती इतकी चाट पडली, की वरडायचंबी इसरली.

पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीत चतुराबाईच्या तोंडाला इंजिनं भ्यायची. एकदा ती भांडायली व्हती, तर मनमाडची गाडी टेसनात शिरंचना, सिग्नलापाशीच उभी ऱ्हायली. खोटं वाटत आसंल तर डायव्हरला इचारा. पण गेल्या ऐतवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, जो सौम्य, त्यालाच देव ही धरती देणार हाय. आठवडाभर तोंडातून एक शिवी गेली न्हाई, तरच येत्या ऐतवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला या." अन् प्रभूच्या मेजावरून उपाशी परत फिरायचं, म्हणजे चतुराबाईला मरणाहून वाईट. आज शनिवार. एकच रात काढायची व्हती.

लक्ष्मीबाईचं बघून दुसरी घुसली, तिसरी घुसली. चतुराबाईनं दातात पदर धरला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लालभडक झाल्या.

"काढा आणू का वो?" रांगेतल्या चांगुणाबाईनं भीत भीत इचारलं.

"मला काय झालंय? बरी हाय मी."

"मग आमचं काय चुकलं, बाई?"

शेवटाला चतुराबाई अन् तिच्या मागं सुलाआजी, दोघीच उरल्या. तेवढ्यात नळावरचा मुकादम मार्तंड पाना घेऊन आला. "बंद! आता उद्या या."

"आरं बाबा, घरात घोटभर न्हाई," सुलाआजी म्हणली. "म्हातारा तापानं फणफणायलाय."

"मग नदीवर न्या त्याला."

भरल्या घागरी घेऊन निघालेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. "चतुराबाई, आता तरी तोंड उघड!" लक्ष्मीबाईच वरडली. "म्हातारीसाठी उघड!"

पाळकसाहेब नेमके तवाच बादली घेऊन आले. चतुराबाईनं त्येंच्याकडं पाह्यलं. दातातला पदर सोडला. मार्तंडापाशी गेली अन् लय हळू, लय मायेनं बोलली.

"मार्तंडदादा, आठवडा झाला, एक शिवी भाईर काढली न्हाई मी. येलदरीच्या धरणात पाणी तुंबावं, तशा आतमदी तुंबल्यात. उद्यापस्तोर दाबून धरीन म्हणते. तुमी तेवढी आजीची घागर भरू द्या."

मार्तंडाच्या हातातला पाना गळाला. त्यानं सोता आजीची घागर भरली, खांद्यावर घेतली अन् आजीच्याबी पुढं तिच्या घराकडं पळत सुटला. "चालू द्या नळ!" लांबूनच वरडला. "मी सांजच्याला येतो बंद करायला!"

पाळकसाहेबांनी हसू दाबलं. "चतुराबाई, ही सौम्यता म्हणावी का धमकी?"

"शिवी गेली का साहेब?"

"न्हाई."

"हात उगारला का?"

"न्हाई."

"मग उद्या येते मी."

नळ धो धो वाहायला व्हता. "साहेब, तुमी आधी भरा," लक्ष्मीबाई अदबीनं म्हणली.

पाळकसाहेबांनी नळाकडं पाह्यलं, चतुराबाईकडं पाह्यलं, अन् आपली बादली मुकाट तिच्या घागरीच्या मागं नेऊन ठिवली.