न हलणारा घोडा

नातीने घोडा उचलला तसे आजोबा हसले. “ठेव, ठमाबाई. हा घोडा आता हलायचा नाही.” “का? तोच तर सगळ्यांवरून उड्या मारतो.” “मारतो, पण समोर माझा हत्ती बघ. घोडा बाजूला झाला की तुझा राजा उघडा पडेल.” नातीने घोडा अलगद जागेवर ठेवला. “आमच्या आईसारखा,” ती म्हणाली. “बाबा चिडले की ती माझ्या खोलीच्या दारात बसते. पाणी प्यायलासुद्धा उठत नाही.” आजोबांचा हात पटावरच थबकला. आतल्या खोलीत लेक नवऱ्याकडे परतायला बॅग भरत होती. ‘संसारात भांड्याला भांडं लागतंच,’ असं त्यांनीच तिला समजावलं होतं. खाली जावयाचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग थांबला. जिन्यावर पावलं वाजली. आजोबांनी कडी घातली आणि खुर्ची ओढून ते दाराशी बसले. थाप पडली. ते उठले नाहीत.