पांढऱ्या पट्ट्यावरचं बोट

या मायबाप, थोडे पुढे सरका, टाळ खाली ठेवा. आज पोथीतलं नाही, मोरिवलीचं सांगतो. लहानसंच आहे, पण खरं सोनं आहे.

सव्वीस जानेवारी एकोणीसशे पन्नासची सकाळ. मोरिवलीची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. अंगणात बांबू उभा केला होता. आठ वाजता तपासणीचे साहेब यायचे होते. शेरा चांगला पडला तर शाळेला मान्यता आणि शशिकांत मास्तरांची नोकरी कायम. नाहीतर दोन्ही बंद.

आदल्या संध्याकाळी मास्तरांनी खादीचा नवा झेंडा गावाला उलगडून दाखवला होता. केशरी त्यागाचा, पांढरा सत्याचा, हिरवा मातीचा. आणि मधलं चक्र सांगतं, थांबायचं नाही. मग तो देवळाशेजारच्या बनूबाईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. गावात उंदीर फार.

सकाळी मास्तरांनी पेटी उघडली. चक्राशेजारी, पांढऱ्यावर, हळदीकुंकवाचं एक बोट.

बनूबाईला त्यात वावगं काही दिसेना. नवं कापड कोरंच कसं वापरायचं? तान्ह्याच्या कुंचीलासुद्धा ती आधी बोट लावायची, हा तर सगळ्या देशाचा. चढवा वर, उन्हानं हळद आपली आपण उडेल, असंही तिनं सांगितलं. मास्तरांनी ऐकलं नाही. साबण घेऊन घासत बसले, आणि हळद लालभडक झाली. कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. मास्तर एकटे राहायचे.

गावचे हिंदुराव पाटील म्हणाले, मघाशी बोटभर होतं, घासून तळहाताएवढं केलंत, आता पुरे करा.

आठला साहेब आले आणि झेंडा ओलाच चढला. आधी बांबूला चिकटून राहिला, मग वाऱ्यानं सगळा उघडला. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"मास्तर, पांढऱ्यावर तो डाग कसला?"

"दुकानातूनच तसा आला, साहेब."

बायकांच्या घोळक्यातून बनूबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली.

"मास्तर, पांढऱ्याखाली उभं राहून असं बोलू नका," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "बोट माजं हाय. शाळेला बोल लावू नका."

साहेबांनी तिला विचारलं, पांढऱ्याचं हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं मास्तरांकडे हात केला.

मास्तर एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "काल मीच सांगितलं, साहेब. बोट त्यांचं होतं, साबण माझा. आणि आत्ता बोललो ते खोटं."

साहेबांनी शेऱ्याची वही उघडली होती. ती त्यांनी काखेत धरली, टाचा जुळवल्या आणि सलामीला हात उचलला. मागोमाग सगळ्या गावानं सलामी दिली. शेरा चांगलाच पडला.

तर मायबाप, आता घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, तेव्हा एकदा बनूबाईची आठवण काढा. आणि मास्तरांचीही काढा. त्यांना थोडा उशीर झाला, एवढंच.