हॉर्न वाजला की

"हॉर्न वाजला की उठतं आन् थेट गेटाकडं," राधाकिशन सर म्हणाले. "हातातलं तिथंच टाकून."

तेजश्रीनं मान डोलावली. शाळांमध्ये मानसतज्ज्ञ म्हणून जाणाऱ्यांच्या प्रशिक्षणातली तिची ही शेवटची केस होती. आधीच्या केसमध्ये तिनं भरमसाट सल्ले वाटून स्वतःची शोभा करून घेतली होती आणि प्रशिक्षण देणाऱ्या माजलगावच्या सत्यशीला मॅडमनी तिला सगळ्यांदेखत सरळ केलं होतं. त्यांनी बजावलं होतं, शिक्षकांना फक्त विचारायचं: त्या वागण्याआधी काय होतं, नंतर काय होतं. आणि मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही.

"नाव काय त्याचं, सर?"

"नाव कावून पायजे?" सर खिडकीबाहेर बघत होते. "पप्पू म्हणा."

खरं नाव झाकायची मुभा होतीच. तेजश्रीनं ते चालवून घेतलं.

"हॉर्न कशाचा?"

"ट्रकचा. ऊसतोडीच्या टोळ्या परत यायल्यात ना आता."

"त्याचे आई-वडील टोळीत आहेत?"

"न्हाईत. सातवीच्या वर्गातली एक पोरगी गेलती. अंजू. लई हुशार. जायच्या आधी इचारत होती, जाऊ का इथं वसतिगृहात राहू. ह्यानं जा म्हणलं. तिची टोळी कवाच आली, ती न्हाई आली. कुणी म्हणतं, तिकडंच लगीन लावून दिलं."

तेजश्रीचं डोकं चक्रावलं. सातवीतलं पोर एवढं ओझं घेऊन बसलंय? आणि असली गोष्ट अंजूनं वर्गातल्या पोराला कशाला विचारावी? पण मोठ्यांना न सांगितलेलं पोरं एकमेकांना सांगतात, असं तिनं स्वतःला समजावलं. पटलं मात्र नाही.

"गेटावर गेल्यावर काय होतं?"

"ट्रक निघून जातो. मग माघारी येऊन बसतं. जेवत न्हाई, बोलत न्हाई." मधली सुट्टी संपत आली होती आणि सरांचा डबा टेबलावर बंदच होता. "हेडमास्तर म्हणायलेत, हे थांबलं न्हाई तर इथून हलवावं लागंल. तेवढं होऊ देऊ नका, म्याडम. अंजू आलीच, तर गेटावर वळखीचं कोण असंल?"

तेजश्रीला भरून आलं. सल्ला अगदी ओठांवर आला होता, तो तिनं गिळला.

घंटा झाली तशी ती वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. हजेरी घेऊन सर फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते आणि ती पप्पू शोधत होती. दाराशी बसलेला सोमेश्वर हाच पप्पू असावा असं वाटलं, तर तो पेंगत होता. खिडकीतला एकजण सारखा बाहेर बघत होता, पण बाहेर दोन बोकडांची टक्कर लागली होती. पोरं तर सगळी चांगली जेवलेली दिसत होती. आपलं काहीतरी चुकतंय, असं तिला वाटलं. पप्पू सापडला नाही तर ही केसही गेली, आणि ते पोरगंही इथून गेलं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

तेजश्री सावरून बसली. एकेका बाकावरून नजर फिरवली. एकही पोर हललं नाही. दाराशी सोमेश्वरनं डोळे न उघडताच वाटेतले पाय तेवढे आत घेतले.

पुढच्या बाकावरची धनश्री उठली. जमिनीवर पडलेला खडू तिनं उचलला आणि फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित पुरं करायला घेतलं.

"तिसरं उतरवून घ्या रे," ती म्हणाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तेजश्रीनं खिडकीतून गेटाकडं पाहिलं. खडूनं पांढरा झालेला हात कपाळावर आडवा धरून राधाकिशन सर ट्रकमधला एकेक चेहरा न्याहाळत उभे होते.