आजोबांचं पिस्तूल

ओक्लाहोमातल्या त्या घरात रविवारच्या जेवणाला सून आणि सासऱ्याचं एकाच गोष्टीवरून वाजायचं.

"बाबा, घरात दोन लहान मुलं आहेत, वायट तर अजून रांगतोय. ते पिस्तूल कुलपात ठेवा ना," मेलिंडा म्हणाली. सांगून सांगून तिच्या आवाजातला रागही संपला होता.

"आणि चोर आला की किल्ली शोधत फिरू?" ड्वेननी कोंबडीची तंगडी ताटात घेतली. "ते कुठे असतं, हे या पोरांना माहीतसुद्धा नाही. उगाच आपलं टीव्हीवरचं ऐकून घाबरायचं!"

मेलिंडाने मक्याचा पाव पुढे सरकवला.

सात वर्षांच्या नातीने, जोडीने, मान वर केली. "आजोबा, ते आता तुमच्या बुटांच्या खोक्यात नाहीये. मी ते वॉशिंग मशीनच्या मागे लपवलंय."

मेलिंडाने हातातला काटा खाली ठेवला.

"तू... कशाला लपवलंस गं?" तिने विचारलं.



"मग काय करू? आपला वायट त्याची नळी चोखत बसला होता."