सुई आणि खिडकी

कान अधू झाल्यापासून अण्णांना रिमोटच्या गाडीचा कार्ब्युरेटर ट्यून करता येईना. नायट्रोवर चालणारं ते मुठीएवढं इंजिन आवाजावरूनच जुळवायचं असतं. इंधन कमी-जास्त करणारी स्क्रूसारखी सुई जरा जास्त आवळली, की तापून जाम होतं. एक तसंच कामातून गेलं. “विकून टाकतो,” काल ते बायकोला म्हणाले. खरं तर तिची पीडा टळली असती. इंजिनानं खणखणीत सूर धरला, की ती वैतागून स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घ्यायची. आज तिनंच गाडी अंगणात आणून ठेवली. “करा चालू. मी आहे खिडकीत,” ती कानाशी ओरडली. अण्णांनी इंजिन चालू केलं, सुई आवळली आणि वर पाहिलं. खिडकी उघडीच. धुरानं ती खोकत होती, पण हलली नाही. त्यांनी सुई आणखी नखभर फिरवली. तिनं खिडकी लावून घेतली. धाडकनच लावली असणार. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.