सावरखोऱ्याची हवा

“जावईबापू, डोंगर आमचे, जेवण आमचं, हवा मात्र तुमची तुम्ही घेऊन या,” सासरे फोनवर हसत म्हणाले.

सौमित्रही हसला. बाळ येण्यापूर्वी त्याने आणि बायको केतकीने चार दिवस सावरखोऱ्यात राहून यावे, म्हणून त्याने शहरी हवेच्या टाक्या मागवल्याही होत्या. शहरात जन्मणाऱ्या प्रत्येकाची फुप्फुसे जन्मताच इथल्या धुरकट हवेसाठी बदलली जात. स्वच्छ हवा मग त्यांना आयुष्यभर जाळत असे. केतकी खोऱ्यात जन्मली होती. ती मोठेपणी शहरात आली, म्हणून तगली. खोऱ्यात जन्मलेल्या तान्ह्या बाळाला ते शक्य नव्हते.

तो परतीची तिकिटे काढू लागला, तेव्हा केतकीने त्याचा हात धरला.

“परतीचं तुझं एकट्याचं काढ. पहिलं बाळंतपण माहेरी असतं.”

“तिथे जन्मलं, तर त्याला इथे आणता येणार नाही, केतकी.”

“ठाऊक आहे. पण भात फुलोऱ्यावर आला की जो वास सुटतो, तो त्याला मिळेल. तो कसा असतो, हे मला तुला कधीच सांगता आलं नाही.”

सौमित्रने तिकिटांचे उघडलेले पान मिटले. परतीचे एकही तिकीट त्याने काढले नाही.

“मी तिथे कायमचा राहिलो, तरी बाळाला माझा मुखवटाच दिसणार,” तो हळूच म्हणाला. “त्यातून आवाजही घोगरा येतो. घाबरेल ते.”

केतकीने टाक्यांबरोबर आलेला मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर नीट बसवला आणि त्याचे डोके आपल्या पोटाशी ओढून घेतले.

“बोल आता,” ती म्हणाली. “सवय होऊ दे त्याला.”